कच्च्या विटेत वाख, काथ्या आणि काड: सातारा-सांगलीच्या मातीसाठी प्रमाण आणि कृती

एकमजली घराचं ओझं कच्ची वीट सहज पेलते. ती वाया जाते ती वाळताना तडकून, उचलठेवीत कोपरे उडून, आणि भिंतीत बसल्यावर जमीन हलली किंवा पाया खचला की ताण न सोसून. मातीत घातलेला तंतू नेमक्या याच तीन ठिकाणी कामाला येतो. वाळताना पडणारी बारीक भेग तो दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो, तिला रुंदावू देत नाही. याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. तंतूने पाणी अडत नाही, वाईट माती चांगली होत नाही, आणि प्रमाणाबाहेर घातला तर वीट पोकळ होऊन आहे ती ताकदही जाते.

म्हणून सुरुवात मातीपासून.

माती कुठली घ्यायची

वाळवा, पलूस, मिरज भागातली कृष्णाकाठची काळी माती नुसती वापरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि कितीही तंतू घातला तरी बोटभर भेगा पडतातच. काळी हाताशी असेल तर एक घमेलं काळीला तीन घमेली चाळलेला मुरूम, इथून सुरुवात करा आणि खालच्या चाचण्यांवरून प्रमाण कमी-जास्त करा. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात धाब्याच्या घरांना वापरायची ती पांढरी माती आणि मुरूम मिळतो. तिथे बहुधा उलटी अडचण असते, चिकणपणा कमी पडतो. अशा मातीला पाचात एक भाग काळी पुरते. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या डोंगराकडच्या बाजूची तांबडी माती काळीसारखी फुगत नाही. दगड-गोटे चाळून काढले की ती विटेला उत्तम.

वरचा फूटभर थर कुठेही घ्यायचा नाही. त्यात मुळं आणि सेंद्रिय कचरा असतो. तो पुढे विटेत कुजून पोकळ्या करतो.

उसाला भरमसाट पाणी देऊन जमिनी चोपण (क्षार साचून घट्ट आणि नापीक) झाल्यात, त्या गावांत एक जास्तीची परीक्षा करा. वाळलेला मातीचा सुपारीएवढा खडा काचेच्या ग्लासातल्या पावसाच्या किंवा गाळलेल्या स्वच्छ पाण्यात अलगद ठेवा. ढवळायचं नाही. खडा नुसता ढासळून तळाशी बसला तर हरकत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरू लागला तर ती माती सोडून द्या. अशा मातीची वीट पहिल्या पावसाच्या फटकाऱ्याने धुपते. जमिनीवर पांढरी पापडी धरत असेल तर तीही नको. भिंतीत गेलेलं मीठ दर उन्हाळ्यात बाहेर फुटतं आणि गिलावा सोलून काढतं.

पडक्या घराच्या भिंतीची माती फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. ती मुरलेली असते. फक्त गोठ्याच्या आणि न्हाणीच्या बाजूची भिंत वगळा, तिथे वर्षानुवर्षांचं मूत आणि क्षार साठलेले असतात.

तीन चाचण्या

पहिली बरणीची. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात तळाशी बसते ती वाळू, पुढच्या अर्ध्या ते दोन तासांत गाळ, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर दिसतो तो चिकणमातीचा थर. एकूण उंचीत चिकणमाती १५ ते ३० टक्के आणि वाळू निम्म्याच्या आसपास असेल तर विटेला योग्य.

दुसरी, दोन सेंटिमीटर व्यासाच्या पाच-सहा गोळ्या करून ४८ तास वाळवा. अंगठा आणि तर्जनीत धरून जोर लावा. एकही फुटली नाही तर मातीत पुरेसा चिकटपणा आहे. फुटल्या तर चिकणमाती वाढवा.

तिसरी आटण्याची, आणि हीच सर्वांत उपयोगाची. आतून ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ४ सेंमी खोल अशी लाकडी पेटी सुताराकडून दोन नग करून घ्या. आतून तेलाचा हात फिरवा. एकीत नुसती कालवलेली माती भरा, दुसरीत तीच माती ठरवलेल्या प्रमाणात तंतू घालून. सावलीत आठवडाभर वाळू द्या, मग कांडी एका टोकाला सरकवून मोकळी जागा मोजा. दीड ते अडीच सेंमी आटली तर ठीक. तीन सेंमीच्या वर गेली तर मुरूम किंवा वाळू वाढवा. एक सेंमीसुद्धा आटली नाही आणि कांडी हातात चुरते, तर चिकणमाती कमी आहे. तंतूवाल्या कांडीत आटणं थोडं कमी दिसेल, पण फरक पाहायचा तो भेगांत: नुसत्या मातीची कांडी दोन-तीन ठिकाणी आरपार तुटते, तंतूवाली केसासारख्या बारीक भेगांवर थांबते. तीही आरपार तुटली तर दोष तंतूचा नाही, मातीच्या मिश्रणाचा आहे.

तंतू: कुठला, किती, कसा तयार करायचा

आपल्या दोन जिल्ह्यांत सर्वांत मजबूत तंतू बांधावर फुकट उभा असतो, घायपाताचा. बाहेरची जून पानं कापा, काटे सोला, दगडावर ठेचून पाण्याच्या टाकीत एक ते दोन आठवडे कुजवा. गर सुटला की बोथट पात्याने खरवडून, धुऊन, उन्हात वाळवा. हाती येतो तो वाख. ठेचताना रस अंगावर उडाला की भयंकर खाज सुटते, त्यामुळे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. विहिरीत किंवा ओढ्यात कुजवू नका. पाणी नासतं आणि मासे मरतात. अंबाडी किंवा ताग लावत असाल तर त्याचाही वाख याच रीतीने निघतो.

काथ्या हा दुसरा. देवळाबाहेर पडलेली नारळाची सोडणं गोळा करून भिजवून बडवली तरी भागतं. काथ्याला चिकटलेला तांबूस भुगा झटकून, धुऊन काढायचाच. तो पाणी धरून ठेवतो आणि माती तंतूला चिकटू देत नाही. काथ्या कुजायला सर्वांत जास्त वेळ घेतो. चुना किंवा सिमेंट घालणार असाल तर त्यात वाखापेक्षा काथ्या जास्त टिकतो.

गव्हाचं काड आणि भाताचा पेंढा हे कमी ताकदीचे, पण स्वस्त आणि मुबलक. सोनेरी रंगाचं, या वर्षीचं काड घ्या. काळपट पडलेलं, कुबट वासाचं नको. कडबाकुट्टी यंत्रातून काढलं की कापायचा प्रश्न मिटतो, फक्त तुकडे फार बारीक पडणार नाहीत असं पातं लावा.

गुऱ्हाळावरचं चिपाड घेताना दोन गोष्टी सांभाळा. आतला मऊ भुसा चाळून टाकायचा, बाहेरच्या सालीचे धागेच ठेवायचे. आणि ते दोनदा पाणी बदलून दिवसभर भिजवून धुवायचं. चिपाडात उरलेली साखर मातीच्या विटेत मुंग्या आणि बुरशी आणते, आणि सिमेंट असेल तर सिमेंटला नीट धरूच देत नाही. न धुतलेल्या चिपाडाच्या सिमेंट-विटा आठवडा झाला तरी नखाने उकरता येतात.

माणदेशात मेंढीची जाड, विकली न जाणारी लोकर मिळते. ती मातीच्या विटेत चांगली चालते, पण चुन्याबरोबर कधीच नको. चुना लोकर खाऊन टाकतो. उसाचं पाचट मात्र विटेच्या आत घालू नका. पानं चपटी, गुळगुळीत, मातीतून निसटणारी. त्याचा उपयोग पुढे विटा झाकायला होईल.

प्रमाण नेहमी वजनाने ठरवा. घमेल्याने मोजलेला तंतू दाबून भरला की सुटा, यावर दुप्पट-निम्मा होतो. वाख आणि काथ्या कोरड्या मातीच्या पाऊण टक्का, म्हणजे १०० किलो मातीला ७५० ग्रॅम. एक टक्क्याच्या वर जाऊ नका. काड किंवा पेंढा दीड टक्का, जास्तीत जास्त दोन. चिपाडाचे धागे एक टक्का. लोकर पाव ते अर्धा टक्का, कारण ती हलकी असते आणि तिची लगेच गुंतवळ होते.

लांबी ४ ते ५ सेंमी. याहून आखूड तुकडा भेगेच्या दोन्ही बाजूंना पुरेसा रुतत नाही आणि उपटून येतो. सात-आठ सेंमीच्या वर गेलात तर तुडवताना गुंडाळे होतात आणि साच्याच्या कोपऱ्यात माती पोहोचत नाही.

मिसळण्याआधी तंतू तासभर पाण्यात बुडवून निथळून घ्या. कोरडा तंतू मातीतलं पाणी ओढून फुगतो, नंतर आकसतो, आणि त्याच्याभोवती पोकळ नळी राहते. मग तो विटेत असून नसल्यासारखा.

कालवणं आणि तुडवणं

खालचं प्रमाण १०० विटांचं आहे. साचा आतून ३८ × १८.५ × १० सेंमी. वीट वाळून साधारण ३७ × १८ ची होते आणि ११ किलो भरते. दोन विटांची रुंदी आणि मधला एक सेंमीचा सांधा मिळून एका विटेची लांबी होते, त्यामुळे ३७ सेंमी जाडीची भिंत न कापता बांधता येते.

चाळलेली कोरडी माती ११०० किलो लागते. घमेल्यात १५ किलोच्या आसपास बसते, म्हणजे ७३-७५ घमेली. पण आपलं घमेलं एकदा काट्यावर ठेवून बघा. वाख किंवा काथ्या ८ किलो, नाहीतर काड १६ किलो. पाणी २०० ते २५० लिटर, मातीत चिकणपणा जास्त तसं पाणी जास्त.

मातीचं आळं करून पाणी सोडा आणि ढिगावर ओली पोती टाकून दोन-तीन दिवस मुरू द्या. ढेकळाच्या पोटापर्यंत पाणी गेल्याशिवाय चिकणमाती सुटी होत नाही. काड वापरत असाल तर ते याच वेळी घालून पाच ते सात दिवस कुजवा. आंबूस वास आला आणि काड मऊ पडलं की तयार. त्या चिकट पाण्याने मातीला जास्तीची पकड येते. वाख आणि काथ्या मात्र आधी घालायचे नाहीत. त्यांची ताकद आपल्याला शाबूत हवी, म्हणून तुडवायच्या दिवशीच.

घालताना एका जागी ओतू नका. एकाने चिखल पसरत जायचा, दुसऱ्याने बी फेकल्यागत तंतू विखरायचा, मग पुढचा चिखल. तुडवून झाल्यावर ढिगाच्या मधून फावड्याने एकदा उभा काप घ्या आणि कापलेल्या तोंडाकडे बघा. तळहाताएवढ्या जागेत सगळीकडे तंतूंची टोकं दिसली पाहिजेत. कुठे गुंडाळा, कुठे नुसती माती दिसली तर आणखी एक फेरी तुडवा. या टप्प्यावर अर्धा तास वाचवणाऱ्याच्या शंभरातल्या दहा विटा हमखास गुंडाळ्याच्या जागी मोडतात.

साचा आणि वाळवण

साचा पाण्यात बुडवून आतून बारीक वाळू भुरभुरा. विटेला लागेल त्याहून थोडा जास्त चिखल एकाच गोळ्यात घेऊन जोराने साच्यात आदळा, कोपरे बोटांनी दाबा, ओल्या पट्टीने वरचा चिखल काढा आणि साचा लगेच सरळ वर उचला. वीट बसकण मारते तर पाणी जास्त आहे. कडा फाटून साच्याला चिकटून वर येतात तर पाणी कमी किंवा साचा कोरडा. बाहेर डोकावणारे तंतू ओढू नका, ओल्या हाताने आत दाबा. ओढलात तर तिथून भेग सुरू होते.

जमीन सपाट हवी आणि वाळू पसरलेली, म्हणजे आकसताना वीट तळाशी अडकत नाही. पहिले तीन दिवस सावलीत, किंवा वर पाचट पसरून. चौथ्या दिवशी कडेवर उभी करा, आठवड्याने हवा खेळेल अशी रचा. एकूण चार आठवडे. आपल्याकडे याला नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. एप्रिल-मे मध्ये पाडलेल्या विटा गरम वाऱ्याने वरून झटकन वाळतात, आत ओल्या राहतात आणि तडकतात. त्यातून वाचल्या तर वळवाचा पाऊस एका संध्याकाळीत थप्पी चिखल करून ठेवतो. ताडपत्री वरून घातली तरी थप्पीखाली दगड किंवा फळ्या हव्यात, कारण पाणी खालून येतं.

चार आठवड्यांनी परीक्षा. दोन विटांवर दोन टोकं टेकवून तिसरी आडवी ठेवा, मधे मोकळं. त्यावर एका मोठ्या माणसाने हळूच उभं राहायचं. वीट टिकली पाहिजे. दर घाण्यातल्या किमान तीन विटा अशा तपासा.

एखादी मुद्दाम मोडा आणि मोडीचं तोंड उन्हात धरून नीट बघा, सगळा हिशोब तिथे कळतो. तंतूंची दीड-दोन सेंमी टोकं ब्रशसारखी बाहेर आली असतील आणि त्यांना मातीची पूड चिकटलेली असेल तर पकड चांगली आहे. टोकं लांब, स्वच्छ आणि गुळगुळीत असतील तर तंतू निसटतोय: आखूड कापलाय, भुगा धुतला नाही किंवा न भिजवता घातलाय. टोकंच दिसत नसतील, तंतू मातीच्या बरोबरीने कटकन तुटले असतील, तर तो कुजका किंवा ठिसूळ होता. मध्ये काळपट, ओलसर वर्तुळ दिसलं तर वीट अजून वाळलेली नाही.

सिमेंटची दाबलेली वीट

हातमशीनवर सिमेंट घालून वीट करणार असाल तर वरचं प्रमाण चालणार नाही. त्या मिश्रणात पाणी १०-१२ टक्केच असतं, आणि दाबलेला तंतू दाब सुटताच उसळी घेतो. वीट मशीनमधून काढल्यावर आडव्या पापुद्र्यांत सुटते. तंतू पाव ते अर्धा टक्का, लांबी दोन-अडीच सेंमी, आणि शक्यतो काथ्याच. सिमेंट ६ ते ८ टक्के, माती मुरमाड. काळी असेल तर सिमेंटऐवजी ५-६ टक्के चुना जास्त लागू पडतो. सिमेंटच्या विटेला तीन आठवडे ओलावा द्या, चुन्याच्या विटेला चार.

भिंतीत बसवताना

१० × १० फुटांच्या एका खोलीचा हिशोब धरू: भिंत ३७ सेंमी जाड, २.७ मीटर उंच, एक दार, दोन खिडक्या. एका चौरस मीटरला ४७ च्या आसपास विटा लागतात. एकूण साडेपंधराशे, मोडतोड धरून १७०० पाडा. त्याला वाख १३५-१४० किलो, आणि गारा-गिलावा धरून माती सुमारे ७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट).

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पाटण खोऱ्यात कुणाला सांगावा लागत नाही. तंतूची वीट घेतली म्हणून भिंत भूकंपाला टिकेल असं नाही. बांधणीचे नियम पाळले तर तंतू मदत करतो. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ हे १९९३ चं भारतीय मानक आहे. त्यातले कामाचे आकडे असे: भिंतीची उंची जाडीच्या आठपटीच्या आत, काटकोनात येणाऱ्या दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीच्या आत, दार-खिडकी १.२ मीटरहून रुंद नाही आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून किमान १.२ मीटर आत. उंची वाढली की लांबीची मर्यादा आणखी खाली येते. वर हिशोब केलेल्या खोलीत ती सव्वातीन मीटरच्या आत भरते, म्हणून १२ फुटांची भिंत हवी असेल तर मधे आधाराचा खांब बांधून काढा. दाराच्या वरच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग लाकडी किंवा बांबूचा पट्टा फिरवा आणि कोपऱ्यांत तो पक्का बांधा.

सांध्याचा गारा विटेच्याच मातीचा, पण वाळू जास्त. किती जास्त ते ठरवायला माती-वाळूचं प्रमाण १:० पासून १:३ पर्यंत बदलत दोन-दोन विटांच्या जोड्या चिकटवा आणि ४८ तासांनी उघडा. ज्या जोडीच्या गाऱ्याला भेग नाही आणि वाळू सर्वांत कमी आहे, ते प्रमाण घ्या. वीट लावण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडा, बुडवू नका. दिवसाला पाऊण मीटरहून जास्त उंची चढवू नका, खालचा ओला गारा दबून भिंत ओळंब्याबाहेर जाते.

जोतं दगडाचं, जमिनीपासून किमान दीड फूट. पश्चिमेच्या पावसात पाखं भिंतीबाहेर दोन-अडीच फूट काढा. कृष्णा-वारणेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी जिथे आलं होतं, तिथे साध्या मातीची वीट वापरूच नका, कितीही वाख घातला तरी. उभ्या पाण्यात ती तासाभरातच मऊ पडायला लागते. वाळवीचा त्रास असलेल्या जागी काडापेक्षा काथ्या बरा, आणि जोत्याच्या वरचे दोन थर चुना घातलेल्या विटांचे.

गिलावा मातीचाच: एक भाग माती, दोन भाग वाळू, बोटाच्या पेराएवढं कापलेलं भुसकट आणि शेण, दोन हातांत. पहिला हात पूर्ण वाळून तडकू द्या, मग त्या भेगा भरत दुसरा. वर चुन्याची सफेदी. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल, पक्कं दिसतं म्हणून. तो मातीच्या भिंतीला धरत नाही. त्याच्या तड्यांतून आत गेलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्र्यामागची वीट भिजून ढासळते. तसा गिलावा आधीच झाला असेल तर मे महिन्यात तो ठोकून बघा. पोकळ वाजतो तेवढा काढून टाका, मागची वीट पंधरा दिवस वाळू द्या आणि मगच मातीचा हात फिरवा.